श्वासाला साखर कळत नाही

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. एक निवृत्त बँक अधिकारी माझ्या दवाखान्यात आले. वीस वर्षांची ओळख आणि बारा वर्षांचा मधुमेह. खुर्चीत बसताच त्यांनी खिशातून काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असे एक यंत्र काढले, त्याच्या नळीत दीर्घ फुंकर घातली आणि लागलेला हिरवा दिवा मोठ्या अभिमानाने माझ्यापुढे धरला. "डॉक्टर, आता बोटाला सुई टोचायची कटकट संपली. मुलीने परदेशातून पाठवले आहे. फुंकर मारायची की काम झाले. चार महिने रोज हिरवा दिवा!"

मी त्यांच्या बोटाला सुई टोचली. जेवणानंतर दोन तासांनी साखर २८४ होती. मागील तीन महिन्यांचा हिशेब सांगणारी एचबीए१सी ही तपासणी दुसऱ्या दिवशी हाती आली, ती ९.८ टक्के. यंत्र बिघडलेले नव्हते. त्यासोबतचे माहितीपत्रक मी भिंग लावून वाचले. ते यंत्र वजन कमी करण्यासाठी पिष्टमय पदार्थ वर्ज्य करणाऱ्या निरोगी माणसांकरिता होते आणि रोगनिदानासाठी ते वापरू नये, असे त्यात बारीक अक्षरांत छापलेही होते. यंत्र आपल्या परीने खरेच बोलत होते. आमच्या मित्रांनी त्याला विचारलेला प्रश्न मात्र चुकीचा होता.

'सुई न टोचता मधुमेहाची तपासणी' हे शब्द आता वर्तमानपत्रांतून, भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून आणि लग्नकार्यांतल्या पंगतींतूनही ऐकू येतात. श्वासावरून मधुमेह ओळखण्याची कल्पना खोटी नाही. उलट ती वैद्यकशास्त्रातील फार जुन्या कल्पनांपैकी एक आहे. परंतु तिचा नेमका अर्थ काय आणि मर्यादा कोणती, हे आपल्या रुग्णांना ठाऊक नाही. एका प्रसंगी ते मलाही ठाऊक असून आठवले नाही. त्या प्रसंगाची कबुली देणे हाच या लेखाचा खरा हेतू आहे.

वॉर्डातील एक पहाट

१९८१ साली मी इंटर्न होतो. बालरोग विभागात रात्रपाळी होती. माळव्यातल्या एका खेड्यातून नऊ वर्षांचा एक मुलगा आणला गेला. त्याआधी दोन दिवस तो दुसऱ्या एका रुग्णालयात होता. तेथे न्यूमोनिया म्हणून प्रतिजैविके आणि ग्लुकोजचे सलाईन चालू होते. मुलाचा श्वास खोल आणि घाईघाईने चालला होता, जीभ कोरडी ठणठणीत होती, डोळे खोल गेले होते. मी छाती तपासली, आधीच्या कागदावर नजर टाकली आणि केसपेपरवर पुन्हा तेच निदान लिहिले. न्यूमोनिया.

वॉर्डातल्या सिस्टर वयाने माझ्या आईएवढ्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, जरा त्याच्या तोंडाजवळ वाकून बघता का?" मी वाकलो. सडत चाललेल्या सफरचंदाच्या पेटीचे झाकण उघडावे तसा गोड, उग्र, डोक्यात जाणारा वास आला. सिस्टरांनी तोपर्यंत लघवीचा नमुना घेऊन ठेवला होता. पाच मिलिलिटर बेनेडिक्टच्या द्रावणात आठ थेंब घालून परीक्षानळी उकळली. निळे द्रावण पाहता पाहता विटकरी लाल झाले. रोथेराच्या चाचणीत पोटॅशियम परमँगनेटसारखे जांभळे कडे उमटले. मुलाला मधुमेह होता आणि तो कीटोअ‍ॅसिडोसिसच्या शेवटच्या टप्प्यावर होता.

आम्ही सलाईन बदलले, इन्सुलिन सुरू केले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो मुलगा गेला. बाहेर बसलेल्या त्याच्या वडिलांनी सांगितले, की पंधरा दिवसांपासून तो रात्री तीनतीनदा उठून माठातले पाणी पीत होता. हे त्यांना कोणीच विचारले नव्हते. मीही नाही.

तो वास त्या दिवसापासून माझ्या स्मरणात राहिला. पुढे अध्यापनाच्या काळात माझ्या लक्षात आले, की हा वास सर्वांनाच येतो असे नाही. एकाच खाटेपाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण तत्काळ मान डोलावीत, तर काहींना काहीच जाणवत नसे. नाक हे उत्तम उपकरण आहे, पण प्रत्येकाचे उपकरण सारखे नाही.

सफरचंदाचा इतिहास

मधुमेहात लघवीकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांत आहे. युरोपात टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७४ साली लघवीच्या गोडीची नोंद केली आणि १७७६ साली मॅथ्यू डॉबसन याने ती गोडी साखरेचीच असल्याचे दाखवून दिले. श्वासाकडे लक्ष वेधले ते जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी शल्यवैद्याने. १७९७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने मधुमेही रुग्णाच्या श्वासाला सडक्या सफरचंदासारखा वास येतो असे लिहिले. रोलो आपल्या रुग्णांना धान्य व भाजीपाला तोडून मांस आणि चरबी यांवर ठेवीत असे. अशा आहारानेही कीटोन वाढतात, हे आज आपल्याला कळते. त्यामुळे त्याने टिपलेल्या वासात रोगाचा वाटा किती आणि पथ्याचा किती, असा प्रश्न मनात येतो. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा प्रश्न श्वासाच्या प्रत्येक आधुनिक यंत्रापुढेही तसाच उभा आहे.

१८५७ साली विल्हेल्म पेटर्स याने मधुमेही रुग्णाच्या लघवीत अ‍ॅसिटोन ओळखले. १८७४ साली अ‍ॅडॉल्फ कुसमॉल याने मधुमेही मूर्च्छेपूर्वीच्या त्या खोल, अतृप्त श्वासाचे वर्णन केले. आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी तो श्वास कुसमॉलच्याच नावाने शिकतो. १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला आणि १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. तोपर्यंत हा वास म्हणजे जवळ येऊन ठेपलेल्या मृत्यूची वर्दी असे. इन्सुलिननंतर तो वाचवता येण्याजोग्या रुग्णाची हाक ठरला. मात्र ती हाक कोणीतरी ऐकायला हवी.

यानंतर मोठा टप्पा आला तो १९७१ साली. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या निःश्वासातील पदार्थ वायुवर्णलेखन पद्धतीने वेगळे केले, तेव्हा त्यात सुमारे २५० पदार्थ आढळले. आपण बाहेर टाकतो ती हवा म्हणजे केवळ कर्बवायू आणि वाफ नव्हे, तर शरीरातील रासायनिक घडामोडींचे ते एक वार्तापत्र आहे, ही दृष्टी तेथून दृढ झाली.

श्वासात नेमके काय येते

येथे थोडे रसायनशास्त्र सांगणे भाग आहे. माझे व्यवसायबंधू ते जाणतात. अन्य वाचकांसाठी ते सोपे करून सांगतो.

रक्तातील साखर, म्हणजे ग्लुकोज, उडून जाणारा पदार्थ नाही. चहाच्या पातेल्यातून वाफ निघते, पण त्या वाफेबरोबर साखर निघून जात नाही. तसेच हे आहे. म्हणून फुफ्फुसातून बाहेर पडणाऱ्या हवेवरून रक्तातील साखर थेट मोजता येत नाही. जे उडते ते अ‍ॅसिटोन. नखांचा रंग काढण्याच्या द्रवात असते तेच. ५६ अंश सेल्सिअसला ते उकळते आणि शरीराच्या उष्णतेलाही सहज वायुरूप होऊन रक्तातून फुफ्फुसात उतरते.

हे अ‍ॅसिटोन येते चरबीतून. पुरेसे इन्सुलिन असते तोवर शरीर चरबीचे कोठार कुलूपबंद ठेवते. इन्सुलिन फार कमी झाले, की ते कुलूप उघडते. चरबीतून निघालेली मेदाम्ले यकृतात पोहोचतात आणि तेथे त्यांपासून अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट व बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हे कीटोन पदार्थ तयार होतात. अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटचा काही भाग आपोआप मोडून त्याचे अ‍ॅसिटोन होते आणि ते श्वासावाटे बाहेर पडते. निरोगी माणसाच्या श्वासात त्याचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत साधारण एका भागाहूनही कमी असते. दीर्घ उपवासात किंवा पिष्टवर्ज्य आहारात ते काही दशकांपर्यंत चढते आणि कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये शंभरीही ओलांडू शकते.

एवढे समजले, की आमच्या बँक अधिकाऱ्यांचे कोडे सुटते. त्यांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा आहे. त्यांच्या शरीरात इन्सुलिन आहे, परंतु ते पुरेसे काम करीत नाही. साखर आटोक्यात ठेवायला ते अपुरे पडते. चरबीच्या कोठाराचे कुलूप लावायला मात्र तेवढे पुरते. म्हणून साखर २८४ असूनही श्वास स्वच्छ आणि दिवा हिरवा. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांची हानी या हिरव्या दिव्याच्या उजेडात चार महिने निर्वेध चालू होती.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ग्लुकोमीटर 'रक्तात साखर किती' हे सांगतो. श्वास 'शरीरात इन्सुलिनची एवढी वाण पडली आहे का, की ते चरबी जाळू लागले' हे सांगतो. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरले, की फसगत ठरलेली. बँक अधिकाऱ्यांची फसगत श्वासाच्या यंत्राने झाली. माझी झाली ती ग्लुकोमीटरने.

हरतालिकेचा दुसरा दिवस

२०२२ च्या भाद्रपदातली गोष्ट आहे. आमच्या मराठी वस्तीतले एक स्नेही, त्यांच्या पत्नी माझ्या जुन्या रुग्ण. त्यांना मी वहिनी म्हणतो. वय अठ्ठावन्न, अंगाने सडपातळ, सतरा वर्षांचा मधुमेह, गोळ्यांसोबत दोन वेळा इन्सुलिन. आठ महिन्यांपूर्वी मी त्यांना ग्लिफ्लोझिन गटातील गोळी सुरू केली होती. ही औषधे मूत्रपिंडातून साखर बाहेर टाकतात. हृदयाला आणि मूत्रपिंडांना त्यांचा मोठा लाभ होतो. २०२० च्या ऑक्टोबरात डापाग्लिफ्लोझिनच्या एकस्वाची मुदत आपल्या देशात संपली आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. वहिनींची साखर सुधारली, म्हणून मी इन्सुलिनची मात्राही कमी केली. त्या खूश होत्या आणि मीही.

हरतालिकेला वहिनी निर्जळ उपवास करतात. त्या पहाटे, उपवास सुरू होण्यापूर्वी, त्यांनी गोळी घेतली. इन्सुलिन मात्र घेतले नाही. 'जेवायचेच नाही तर इन्सुलिन कशाला?' हा त्यांचा हिशेब. तो वरकरणी बिनचूक होता. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. सकाळी त्यांना मळमळू लागले, दोन उलट्या झाल्या, पोट दुखू लागले. दहाच्या सुमारास त्यांच्या मुलाचा फोन आला.

"काका, आईला उपवासाचे पित्त झालेले दिसते. साखर मोजली, १८६ आहे. काळजीचे काही नाही ना?"

मी त्या वेळी आमच्या घरच्या गणपतीच्या प्राणप्रतिष्ठेत होतो. १८६ हा आकडा ऐकून मी निश्चिंत झालो. "काही नाही रे. पित्ताची गोळी दे, लिंबूसरबत पाजत राहा. संध्याकाळी दर्शनाला येईन तेव्हा बघतो." एवढे बोलून मी फोन ठेवला. त्यांना मी कोणती गोळी दिली आहे, त्यांनी इन्सुलिन घेतले आहे की नाही, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही.

संध्याकाळी सातच्या आरतीला मी त्यांच्याकडे गेलो. घरात केवड्याचा, उदबत्तीचा, तळणीच्या मोदकांचा वास भरून राहिला होता. वहिनी आतल्या खोलीत पडून होत्या. दारात पाऊल टाकताच मला सफरचंदांचा वास आला. क्षणभर वाटले, देवापुढच्या परडीतली फळे असतील. मागे वळून पाहिले, तर परडीत केळी, पेरू आणि सीताफळे होती. सफरचंद एकही नव्हते. मग वहिनींच्या छातीकडे पाहिले. ती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत आठ वाजले. रक्ताचा पीएच ७.०८, बायकार्बोनेट ८, लघवीत कीटोन भरपूर आणि साखर अवघी २०४. साखर न चढता झालेला हा कीटोअ‍ॅसिडोसिस. ग्लिफ्लोझिन औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकीत राहतात, त्यामुळे ग्लुकोमीटर शांत असतो. दरम्यान इन्सुलिन तोडलेले, पोट रिकामे, शरीरात पाणी नाही. चरबीचे कुलूप उघडून कीटोनचा पूर आलेला असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या धोक्याचा इशारा २०१५ च्या मे महिन्यातच दिला होता. मी तो वाचला होता. एका व्याख्यानात इतरांना सांगितलाही होता.

शिरेतून सलाईन, इन्सुलिन आणि साखर उतरू नये म्हणून सोबत डेक्स्ट्रोज असे उपचार झाले. वहिनी वाचल्या. गौरीच्या जेवणाच्या दिवशी त्या घरी परतल्या. ती गोळी मी त्यांना कायमची बंद केली. त्यांच्या मुलाला मी जे सांगायचे ते स्पष्ट सांगितले : चूक त्याची नव्हती, आईचीही नव्हती. औषध देताना 'उपवास करता का?' हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता आणि फोनवर आकड्यापलीकडे पाहायला हवे होते. तो काही बोलला नाही. निघताना त्याने नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार केला. तो नमस्कार मला फार जड गेला.

यंत्रांची आजची मजल

मग श्वासाच्या यंत्रांना भवितव्य आहे की नाही? आहे, असे माझे मत आहे. पण ते भवितव्य जाहिरातींत दिसते त्याहून वेगळे आहे.

श्वासाच्या चाचण्या आज रुग्णसेवेत आहेतच. जठरातील हेलिकोबॅक्टर जंतू ओळखण्यासाठी युरियाची श्वासचाचणी वापरतात. दम्यात नायट्रिक ऑक्साइड मोजतात. मद्यप्राशनाची चाचणी तर आपले वाहतूक पोलीस रोज करतात. या चाचण्या विश्वसनीय आहेत, कारण त्यांत शोधायचा पदार्थ आणि विचारायचा प्रश्न यांचा संबंध सरळ आहे. अ‍ॅसिटोन आणि साखर यांचा संबंध तसा सरळ नाही. उपवास, व्यायाम, स्निग्ध आहार, लठ्ठपणा यांनी अ‍ॅसिटोन बदलते. मधुमेह नियंत्रणात असलेल्यांचे आणि निरोगी माणसांचे आकडे एकमेकांत मिसळतात. प्रयोगशाळेतील महागडी वर्णपटयंत्रे अत्यल्प अ‍ॅसिटोनही अचूक मोजतात. खिशातल्या यंत्राला मात्र श्वासातील बाष्प आणि मद्यार्काचा अंश यांतून वाट काढावी लागते. तोंडातली सुरुवातीची हवा सोडून फुफ्फुसाच्या तळातली हवा नेमकी पकडणेही सोपे नसते. झुरिक येथील संशोधकांनी २०१० च्या सुमारास टंगस्टन ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचे असे संवेदक तयार केले, की ते दमट हवेतही अ‍ॅसिटोनचा अब्जांशातला फरक ओळखू शकत. तंत्रज्ञानाची दिशा बरोबर आहे, हे त्यावरून दिसते.

दुसरा धागा आणखी कुतूहलजनक आहे. काही मधुमेही रुग्णांचे कुत्रे मालकाची साखर धोकादायकरीत्या उतरली, की त्याला जागे करतात, अशा हकिकती बऱ्याच दिवसांपासून सांगितल्या जात. केंब्रिज येथील संशोधकांनी पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या आठ स्त्रियांची साखर काटेकोर देखरेखीखाली उतरवली आणि त्यांच्या श्वासाचे विश्लेषण केले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत साखर उतरताच श्वासातील आयसोप्रीन वाढलेले आढळले. काही जणींत ते जवळपास दुप्पट झाले. आठ हा आकडा लहान आहे आणि त्यावरून यंत्र बाजारात आणता येत नाही. तरीही झोपेत साखर उतरण्याच्या भीतीने रात्र जागून काढणाऱ्या मातांच्या दृष्टीने हे संशोधन पुढे जावे, असे मनापासून वाटते.

सुईपासून मुक्तीची ओढ मला समजते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलाची बोटे मी हातात धरली आहेत. ती शिवणकाम करणाऱ्याच्या बोटांसारखी टोचून टोचून निबर झालेली असतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. एवढ्या मोठ्या जनसमुदायाला सुई नको असेल, तर त्यांना काहीतरी विकायला येणारेही कमी नसणार. २००१ साली मनगटावर बांधण्याचे एक साखरमापक घड्याळ अमेरिकेत मान्यता पावले होते. त्वचेची आग आणि इतर अडचणी यांमुळे काही वर्षांतच ते बाजारातून गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत तेथील अन्न व औषध प्रशासनाने लोकांना बजावले, की त्वचेला छेद न देता स्वतः साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवण्याचा आणि त्वचेखाली बारीक तंतू ठेवणारा संवेदक मात्र विश्वसनीय आहे. ज्यांना परवडतो त्यांची बोटे त्याने बरीचशी वाचतात.

आपण काय करावे

माझ्या व्यवसायबंधूंना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. त्या नव्या नाहीत. पण जाणलेले विसरले जाते, हे मी अनुभवले आहे.

ग्लिफ्लोझिन गटातील औषध लिहिताना रुग्णाला उपवासांविषयी विचारावे. आपल्या इंदुरात उपवासाचे प्रकार अनेक आहेत आणि त्यांचे परिणामही भिन्न आहेत. साबुदाण्याची खिचडी, शिंगाड्याचा शिरा आणि बटाट्याचा कीस खाऊन केलेल्या 'एकादशी दुप्पट खाशी' उपवासात साखर चढेल, कीटोनचे भय थोडे. हरतालिका किंवा करवा चौथ यांचे निर्जळ व्रत, जैन बांधवांचे पर्युषणातील दीर्घ उपवास आणि मुस्लिम रुग्णांचे रोजे यांबाबत मात्र आधी बोलून घ्यावे. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी ही बहुतेक औषधे किमान तीन दिवस बंद ठेवावीत, अशी सूचना २०२० पासून त्यांच्या माहितीपत्रकांतच आहे. मी तोच नियम निर्जळ उपवासाला लावतो. त्या दिवसांत इन्सुलिन कमी करावे लागते, पण पूर्ण तोडायचे नसते, हे रुग्णाच्या घरच्यांना लिहून देतो.

उलटी, पोटदुखी, धाप असलेल्या मधुमेही रुग्णाची साखर बरी आहे, एवढ्यावर थांबू नये. कीटोन तपासावे. लघवीची पट्टी अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट ओळखते. कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये ज्याचे प्राबल्य असते ते बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट ती ओळखत नाही. म्हणून शक्य तेथे बोटाच्या रक्तावरची कीटोन-पट्टी वापरावी. ०.६ पर्यंत निर्धास्त असावे; ३ किंवा अधिक म्हणजे रुग्णालय. २०२४ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनांनी कीटोअ‍ॅसिडोसिसच्या व्याख्येतील साखरेचा उंबरठा २५० वरून २०० वर आणला आणि आधीपासून मधुमेह असलेल्या रुग्णात तर साखर कितीही असली तरी निदान करता येते, असे स्पष्ट केले. आकड्यावर विसंबणाऱ्या माझ्यासारख्यांसाठीच जणू ही दुरुस्ती होती.

धापणारे, कोरडे पडलेले मूल दिसले, की त्याची साखर मोजावी आणि 'रात्री उठून पाणी पितो का?' हे विचारावे. त्याला एक मिनिटही लागत नाही.

आणि रुग्णाजवळ वाकावे. वास आला तर तो खरा मानावा. न आला तर मात्र निर्धास्त होऊ नये; नाकाला जाणवण्यासाठी अ‍ॅसिटोन बरेच लागते आणि काहींच्या नाकाला ते जाणवतही नाही. उपचारांनंतर कीटोन उतरले तरी अ‍ॅसिटोन शरीरातून हळूहळूच जाते, त्यामुळे वास रेंगाळतो, हेही ध्यानात ठेवावे. दूरध्वनीवरून वास येत नाही, हे मी स्वतःला वारंवार सांगत असतो.

वाचकांपैकी जे मधुमेही आहेत त्यांना एकच विनंती. फुंकर मारण्याचे यंत्र कोणी भेट दिले, तर देणाऱ्याच्या प्रेमाचा मान ठेवावा. परंतु बोटाची तपासणी सोडू नये आणि औषधाचा बदल त्या दिव्यावरून करू नये. उद्या कदाचित असे यंत्र येईल, की ते घरच्या घरी श्वासावरून कीटोनचा इशारा देईल. ते ग्लुकोमीटरच्या शेजारी राहील, त्याच्या जागी नव्हे. असे यंत्र त्या चतुर्थीच्या सकाळी वहिनींच्या उशाशी असते, तर मी फोनवर जे बोललो ते बोलू शकलो नसतो.

वहिनींची प्रकृती आता चांगली आहे. गेल्या वर्षी पोळ्याच्या दिवशी त्यांचा फोन आला.

"डॉक्टर, आज पोळा. तीन दिवसांनी हरतालिका. माझ्या जावेला ती साखर लघवीवाटे काढणारी गोळी आहे. तिला आजपासून बंद करायला सांगू ना?"

मी म्हटले, "गोळी बंद करायला सांगा. इन्सुलिन असेल तर ते मात्र तोडायचे नाही. त्याचे किती घ्यायचे ते मला विचारून घ्या."

"ते सांगितले मी तिला. आणि या वर्षी आम्ही दोघी पाणी पिणार आहोत," त्या म्हणाल्या. "महादेव काही त्यावरून रागावायचे नाहीत."